पत्राची शेवटची ओळ

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.)

‘‘ताई, मी अंगणवाडी सेविका आहे. तालुक्याच्या गावाला लागूनच राहतो. आमच्या ह्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, वीस वर्षं झाली. सबमर्सिबल असो की मोनोब्लॉक, ह्यांच्या हाताला तोड नाही असं लोक म्हणायचे. दिवाळीपासून सगळं बिघडलंय. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतात. जेवण अर्ध्यावर आलं, पँट कमरेला राहत नाही. दाढी आठ-आठ दिवस तशीच. उन्हाळा म्हणजे आमचा सीझन, आणि शटर आठवड्यातून दोनदा वर जातं. शेतकरी जळालेल्या मोटारी परत उचलून दुसरीकडे नेतात. विचारलं तर म्हणतात, ‘आता हात चालत नाही, दुकान विकून टाकू.’ आधी सारखं अंग दुखतं, छाती भरून येते म्हणायचे. ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टरांनी गॅसची गोळी आणि टॉनिक दिलं. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं काहीतरी आहे, म्हणून पाच अमावस्या केल्या. दीर म्हणतात नाटकं आहेत, बायको कमावती आहे म्हणून सुचतात. शेवटी जिल्ह्याच्या गावी मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डिप्रेशन आहे म्हणून गोळ्या दिल्या. नऊ दिवस घेतल्या, नुसती मळमळ झाली, फरक काही नाही, म्हणून बंद केल्या. दीर म्हणाले बरं केलंत, त्यांची सवय लागते.

मी सगळं करून बघितलं. आवडीचं करून घातलं, सत्यनारायण घातला, नात्यातल्या लग्नाला ओढत नेलं, पोरांकडे बघा म्हणून रडले, एकदा तर नको नको ते बोलले. मुलगा बारावीच्या निकालाची वाट बघतोय, मुलगी नववीत आहे. कधी कधी मला ह्यांचा इतका राग येतो की माझीच मला लाज वाटते. मी काय केलं म्हणजे हे पहिल्यासारखे होतील? परवा रात्री म्हणाले, ‘मी नसतो तर तुमचं बरं चाललं असतं.’ मी म्हटलं, असलं अभद्र बोलू नका. मग ते गप्पच झाले.’’

प्रिय अंगणवाडीताई,

तुमच्या पत्राचं उत्तर मी शेवटाकडून लिहिते आहे. गोळ्या, दीर, दुकान हे सगळं दोन दिवस थांबेल. शेवटची ओळ थांबणार नाही. त्यापुरता निरोप तुम्हाला आधीच पाठवला आहे. तोच इथे पुन्हा सविस्तर मांडते, कारण ही ओळ तुमच्या एकट्याच्या घरात बोलली गेलेली नाही, आणि ‘अभद्र बोलू नका’ हे उत्तरही तुम्ही एकट्यानं दिलेलं नाही. घाबरलेलं माणूस तसंच बोलतं. पण त्या उत्तरानं त्यांना एवढंच कळलं की हे घरात बोलायचं नाही.

ते दार आज पुन्हा उघडा. संध्याकाळी, जेवणं आवरल्यावर, मुलं आत असताना. शेजारी बसा आणि म्हणा, ‘परवा तुम्ही म्हणालात ते माझ्या डोक्यातून जात नाही. मी घाबरले म्हणून तुम्हाला गप्प केलं. आता नाही करणार. जीव द्यावा असं मनात येतं का तुमच्या?’ शब्द हेच. ‘काही वेडंवाकडं तर करणार नाही ना?’ असं विचारू नका, कारण त्या प्रश्नातच ‘नाही म्हणा’ अशी विनवणी असते आणि माणूस बिचारा नाही म्हणून मोकळा होतो.

विचारल्यानं नसलेलं डोक्यात भरेल, ही भीती तुम्हाला वाटणारच. मी सव्वीस वर्षं एका सिव्हिल हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक होते, त्यातली बरीचशी मानसोपचाराच्या ओपीडीबाहेरच्या टेबलावर गेली. हा प्रश्न मी किती जणांना विचारला याची मोजदाद नाही. विचारल्यामुळे कुणाला ते नव्यानं सुचलं असं एकदाही झालं नाही. बहुतेकांचे खांदे खाली यायचे. काही जण रडायचे. एक आजोबा म्हणाले होते, ‘विचारलं बुवा कुणीतरी.’ जगभरातले या विषयातले डॉक्टरही हेच सांगतात की विचारणं धोक्याचं नाही.

उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं विचारा: कसं, कधी, काही ठरवलंय का. ठरवलेलं असेल तर त्यांना एकटं सोडायचं नाही, रात्रीसुद्धा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ओपीडीच्या वेळेची वाट न बघता सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात जा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. ‘मनात येतं, पण करणार नाही’ असं उत्तर आलं तरी एक काम आजच करा. शेतीचं औषध घरात, गोठ्यात, दुकानाच्या माळ्यावर कुठे असेल तर ते उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. घरातल्या इतर गोळ्याही तुमच्या ताब्यात. असा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही ठरतं. श्रीलंकेनं एकेक करत जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली आणि 1995 नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. तिथल्या माणसांची दुःखं काही कमी झाली नव्हती, फक्त डबा हाताशी राहिला नव्हता.

पोलीस केस होईल म्हणून गप्प राहायला सांगणारं कुणीतरी भेटेलच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरायला सांगितलं आहे, आणि त्याची काळजी घेणं व उपचार देणं ही सरकारची जबाबदारी केली आहे. तेव्हा या भीतीपायी दवाखाना टाळू नका.

आता बाकीचं.

तुमच्या पत्रात तुम्ही स्वतःच निदान लिहून ठेवलंय. पहाटे तीनला जाग येणं, भूक जाणं, वजन उतरणं, ‘हात चालत नाही’, ‘मी नसतो तर’. ‘हात चालत नाही’ हे ते अलंकारिक बोलत नसणार. या आजारात हालचाल खरोखर मंदावते, विचार सावकाश होतो, तारेचे वेढे मोजताना आकडा विसरायला होतो. हे सगळं दोन आठवड्यांच्या वर, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ राहिलं की डॉक्टर त्याला डिप्रेशन म्हणतात. तुमच्याकडे सहा महिने झाले.

आपल्या भाषेत याला नैराश्य म्हणतात, आणि मला हा शब्द कधीच पटला नाही. निराशा टेंडर गेलं की होते, मुलाला कमी मार्क पडले की होते. ओपीडीत कुणी ‘मला नैराश्य आलंय’ म्हणून यायचं नाही. लोक म्हणायचे, कशातच राम वाटत नाही. मन लागत नाही. डोक्यावर पाटा ठेवल्यासारखं वाटतं. अंग मोडून येतं, छाती भरून येते. तुमचे मिस्टरही अंगदुखी घेऊनच आधी गेले, आणि बाप्यांच्या बाबतीत तर हे नेहमीचंच: रडू येतं म्हणायला लाज वाटते, छातीत भरतं म्हणायला वाटत नाही. ईसीजी नॉर्मल आला की सगळं नॉर्मल असं घरचे समजतात.

दिरांच्या ‘नाटकं’ या शब्दावर एकच सांगते. तुमच्या मिस्टरांच्या दुकानात जळकी मोटार आली तर ते तिला ‘जरा मनावर घे’ म्हणत नाहीत, खोलून बघतात. हे उदाहरण मी जास्त ताणणार नाही, कारण माणूस म्हणजे मोटार नव्हे आणि ‘मेंदूतलं एक रसायन कमी झालं, ते भरलं की चालू’ इतकं हे सोपंही नाही. घराण्यातला कल, अंगातले इतर आजार, कर्ज, दारू, एखादा जुना घाव, असं बरंच काही एकात एक गुंतलेलं असतं. आणि कधी कारण सापडतच नाही. ‘सगळं चांगलं असताना ह्यांना काय झालं?’ या प्रश्नामागे जाऊ नका. सापडलं तर डॉक्टरांना सांगा, नाही सापडलं तरी उपचार तेच राहतात.

आता गोळ्या. नऊ दिवस हा यातला सगळ्यात फसवा मुक्काम आहे. त्रास पहिल्या आठवड्यात येतो आणि गुण साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसू लागतो, म्हणजे नवव्या दिवशी माणसाच्या हातात फक्त मळमळ असते. ती बहुतेकांची आठ-पंधरा दिवसांत ओसरते. नाही ओसरली तर डॉक्टर डोस कमी करून हळूहळू वाढवतात, किंवा गोळी बदलतात. पुरता फरक कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. हे पहिल्याच भेटीत बसवून सांगायला हवं होतं. ओपीडीत एकामागे साठ पेशंट असतात, सांगायचं राहून जातं, खासगीतही राहतं. मी डॉक्टरांची बाजू घेत नाही, पण पुढच्या वेळी तुम्ही विचारा: गुण कधी येईल, त्रास काय होईल, त्रास झाला तर फोन कुणाला करू. कागदावर लिहून न्या. डॉक्टरांसमोर बसलं की सगळं विसरायला होतं.

बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद करायचा मोह होतो. पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तरी बरं वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करतानाही डॉक्टरांच्या सांगण्यानं, टप्प्याटप्प्यानं. टीबीच्या माणसाला ‘खोकला थांबला तरी कोर्स पुरा कर’ असं तुम्ही गावात सांगत असालच. गंमत म्हणजे डिप्रेशनवरच्या पहिल्या औषधांपैकी एक सापडलं तेच टीबीच्या वॉर्डात. 1952 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात टीबीवरचं नवं औषध देऊन बघत होते, तर मरगळून पडलेले पेशंट उठून हिंडायला-नाचायला लागले. आजच्या गोळ्या त्याहून बऱ्याच वेगळ्या आणि सोसायला सोप्या आहेत.

‘सवय लागते’ हे दीर सांगतात त्यात थोडं तथ्य आहे, पण ते दुसऱ्या गोळ्यांबद्दलचं. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या थोडे दिवसच देतात. डिप्रेशनच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. एकदम थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो, एवढंच. चिठ्ठीतली कुठली गोळी कशासाठी, हे डॉक्टरांना विचारून पाकिटावर पेनानं लिहून ठेवा. आणि एक सावधगिरी: सुरुवातीच्या आठवड्यांत कधी कधी हातपाय आधी हलू लागतात, मन मागून येतं. त्या काळात बेचैनी एकदम वाढली, झोप पार गेली, मरणाच्या गोष्टी वाढल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवा.

डॉक्टरांना दोन गोष्टी न विचारता सांगा. आधी कधी याच्या उलट झालं होतं का? म्हणजे आठवडाभर जेमतेम झोपून कमालीचा उत्साह, भरमसाट खर्च, मोठमोठे बेत, तोंड थांबत नाही असं? असेल तर औषधांचा बेत वेगळा करावा लागतो. दुसरं, दारू. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण पहाटे तीनला उठणारा माणूस रात्री झोप यावी म्हणून घोट घेऊ लागतो, हे मी फार पाहिलंय. थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन आणि साखर या तपासण्या झाल्या नसतील तर करून घ्या. थायरॉइड कमी असेल तरी माणूस असाच मंदावतो.

पुन्हा खासगीत जाणं परवडत नसेल तर सिव्हिलला मानसोपचार विभागात जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक काही ठिकाणी ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातही येतं. तुमच्याकडे कुठल्या वारी येतं ते आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना माहीत असेल. आणि 14416, टेली मानस. केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. मिस्टर फोन करणार नाहीत म्हणालात तर तुम्ही करा. घरच्या माणसांनीही करायचा असतो.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं 2015-16 मध्ये देशभर पाहणी केली, त्यात सुमारे वीस मोठ्या माणसांमागे एकाला आयुष्यात कधीतरी डिप्रेशन येऊन गेल्याचं दिसलं, आणि अशा शंभरातल्या ऐंशीहून जास्त जणांना उपचार मिळतच नव्हते. तुम्ही सासूबाई, दीर आणि पाच अमावस्या ओलांडून त्यांना डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत नेलंत. नऊ दिवसांच्या का होईना, गोळ्या पोटात गेल्या. ‘सगळं करून बघितलं, काही झालं नाही’ असं तुम्ही लिहिता, ते मला मान्य नाही.

पण तुम्ही केलेल्या काही गोष्टी मी सोडून द्यायला सांगणार आहे, आणि त्या तुम्हाला तुमच्याच कामातून सांगते. अंगणवाडीत मूल येतं, दंडघेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषित. तुम्ही त्याला रागावत नाही. ‘शेजारचा बाळू बघ कसा गुटगुटीत’ म्हणत नाही. आणि पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे पुरणपोळी ठेवत नाही. थोडं-थोडं, ठरलेल्या वेळी, पचेल एवढं देता. नात्यातलं लग्न ही पुरणपोळी होती, ताई. तिथे दोनशे माणसांनी ‘काय, बारीक झालात’ म्हटलं असेल, आणि प्रत्येकाला हसून दाखवताना त्यांचा जीव निघाला असेल.

मी हीच चूक केलेली आहे, तीही नोकरीत नऊ वर्षं मुरलेली असताना. माझा थोरला भाऊ असाच बसला होता. मी रोज इतरांच्या घरच्यांना अक्कल शिकवायचे आणि स्वतःच्या भावाला ‘जरा बाहेर पडलास की बरं वाटेल’ म्हणून महाबळेश्वरला घेऊन गेले. दोन दिवसांत तो गाडीतून तीनदा उतरला. परत येताना वाईपासून पुण्यापर्यंत माझी माफी मागत होता, ‘तुझे पैसे वाया घालवले मी.’ ज्याला आनंद होऊ शकत नाही त्याच्यापुढे आनंदाची ताटं मांडली की त्याला फक्त आपलं अपराधीपण दिसतं. भाऊ पुढे औषधानं बरा झाला. ती सहल त्याला अजून आठवते, आणि मलाही.

मग काय करायचं? ‘मन लागलं की काम करतील’ हा क्रम उलटा करायचा. आधी काम, अगदी चिमूटभर, मग मन लागलं तर लागेल. गोव्यात ‘संगथ’ नावाच्या संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून पाहिलं. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी बरंच तीव्र डिप्रेशन असलेल्यांना सहा ते आठ बैठकांत एवढंच शिकवलं: रोजची छोटी ठरलेली कामं पुन्हा सुरू करणं, अडचण आली तर ती सोडवणं. 2017 साली त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी शंभरातले चौसष्ट लक्षणांतून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत एकोणचाळीस. हा गोळ्यांना पर्याय म्हणून सांगत नाही. त्यांच्या बाबतीत दोन्ही हवं असं मला वाटतं, डॉक्टर काय ते ठरवतील.

तुमच्या घरी ते असं दिसेल. सकाळी त्यांना काही सांगू नका. या आजारात बहुधा सकाळ सगळ्यात जड असते आणि दिवस कलेल तसं थोडं हलकं होतं. साडेचारला दोघं चालत दुकानापर्यंत. शटर वर. मोटारीला हात लावायचा नाही, फक्त हत्यारं पुसायची, पंधरा मिनिटं, आणि घरी. एवढंच. आठवडाभर जमलं तर एखादा छताचा पंखा. पाच एचपीची मोटार नाही, शेतकरी कितीही घाईत असला तरी नाही. जमलं नाही त्या दिवशी ‘बरं, उद्या’ म्हणायचं आणि खरंच उद्यावर सोडायचं. जमलं की कॅलेंडरवर पेन्सिलीची खूण. कौतुकाचं भाषण नको, त्यांना ते खोटं वाटेल. आणि रोज उठून ‘आज कसं वाटतंय?’ विचारू नका. तुम्ही मुलाचं वजन महिन्यातून एकदा घेता, रोज काट्यावर बसवत नाही. रोज बसवलं तर शंभर-दोनशे ग्रॅमच्या चढ-उतारानं आई वेडी होईल. इथेही आज बरं, उद्या वाईट असं होणारच. आलेख महिन्याचा बघा.

दुकानाच्या दारावर मुलाकडून पाटी लावून घ्या: ‘तब्येतीमुळे काम उशिरा मिळेल.’ कावीळ झाली असती तर लावलीच असती. दुकान विकायचा विषय निघाला की वाद घालू नका. ‘डॉक्टर बरं म्हणाले की त्यानंतर तीन महिन्यांनी ठरवू’ एवढंच ठरलेलं उत्तर द्या, दर वेळी तेच. या आजारात माणूस जे विकतो ते त्याचं आजारपण विकत असतं.

‘पोरांकडे बघा’ हे वाक्यही आता पुरे. ते पोरांकडे बघतातच. बघतात म्हणूनच त्यांना वाटतं की मी नसतो तर बरं झालं असतं. त्याऐवजी ‘मी आहे’, ‘तुम्ही मुद्दाम करत नाही हे मला कळतंय’, किंवा काहीच नाही. पहाटे तीनला जाग आलीच तर ओट्यावर जाऊन शेजारी बसा, चहा ठेवा. पण रोज उठू नका, तुम्हाला सकाळी अंगणवाडी उघडायची असते. (जीव द्यायच्या प्रश्नाला ‘हो’ उत्तर आलं असेल तर गोष्ट वेगळी. मग आळीपाळीनं कुणीतरी जागं हवंच.)

सासूबाईंशी भांडू नका. आईचं काळीज आहे, तिला काहीतरी करायचं आहे. अंगारा लावू दे, गोळीही त्यांच्याच हातून देववा. रात्री देवाचा दिवा लावल्यावर गोळी, असा नेम केलात तर त्या तुमच्या बाजूच्या होतील. पण कुणी गोळ्या बंद करा म्हणालं, उपास घडवले, किंवा अंगात आलंय म्हणून मारझोड करायला निघालं, तर तिथे हात आडवा घाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. दिरांना समजावण्यात वेळ घालवू नका. त्यांना काम द्या. दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन येतील का, एवढंच विचारा. ओपीडीच्या बाकावर चार तास बसलेला माणूस नाटकं म्हणायचा थांबतो, हे मी पाहिलंय. सगळेच थांबतात असं नाही.

मुलांना खरं सांगा. मुलगा अठराचा, त्याला सगळं कळतंय आणि कुणी काही बोलत नाही म्हणून तो स्वतःच काहीतरी समजूत करून बसला असेल. ‘पप्पांना डिप्रेशन नावाचा आजार आहे, औषध चालू करतोय, वेळ लागेल, यात तुमचं काही चुकलेलं नाही.’ नववीतल्या मुलीला शेवटचं वाक्य दोनदा सांगा.

राहिला तुमचा राग. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. सहा महिने तुम्ही घर, मानधन, मुलं, दोन्हीकडची तोंडं एकटीनं सांभाळताय, आणि ज्या माणसाशी हे बोलायचं तोच तिथे नाही. राग येईल नाही तर काय. त्यांच्यावर काढू नका. बहिणीकडे काढा, मदतनीस ताईंकडे काढा, 14416 वर काढा. आणि आठवड्यातला एक तास स्वतःचा ठेवा. त्या तासात सासूबाई किंवा मुलगा घरी थांबेल. ‘नको नको ते बोलले’ त्याबद्दल एकदा माफी मागा, छोटी. सारखी मागू नका. त्यांच्याकडे आधीच अपराधीपणाचा साठा भरपूर आहे, त्यात तुमची समजूत काढण्याचं काम आणखी नको. ‘पहिल्यासारखे कधी होतील’ याची तारीख मी देऊ शकत नाही. बहुतेक लोक उपचारानं बरे होतात. काहींना पुन्हा येतं, आणि दुसऱ्या वेळी घरच्यांना ते पहिल्या आठवड्यातच ओळखू येतं.

डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा. जुना कागद आणि ते अर्धवट गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही. डबा घ्या, ओपीडीला वेळ लागतो. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे येणार नाही’ म्हणाले तर ‘झोपेसाठी जाऊ’ म्हणा. ते खोटं नाही, झोप खरंच गेलेली आहे. आणि निघायच्या दिवशी दाढी करा, इस्त्रीचा शर्ट घाला म्हणून मागे लागू नका. आपल्याकडे दवाखान्यात जायचं म्हटलं की माणसाला नीटनेटकं करून नेतात, आणि मग डॉक्टरांना वाटतं बराच बरा दिसतोय. दाढी वाढलेलीच असू दे. डॉक्टरांना तीही बघायची असते.